सुगनकाकांसाठी वाचलेली पुस्तकं

घोडेगाव, १५ जून २०२५

काका,

आधी मत: कादंबरी चांगली आहे, पण खून सिद्ध होत नाही.

आता गोष्ट. कोकणातल्या एका लॉजवर मालकाचा खून होतो. संशयित सहा आहेत. एकशे नव्वदाव्या पानावर एक म्हातारी पोलिसांना सांगते की दिवेलागणीला तिने विहिरीपलीकडून खुन्याचा चेहरा ओळखला. विहिरीपासून ओट्यापर्यंत साठ पावलं आहेत, हे लेखकानेच आधी लिहिलंय. म्हणजे साधारण चाळीस मीटर. म्हातारीचं वय बहात्तर, चष्मा नाही. तिला सुईत दोरा ओवता येत नाही हे मी सोडून देते, कारण ती जवळची नजर झाली. पण भर दुपारी अंगणातली मांजर तिला पिशवी वाटते. अशा डोळ्यांना तिन्हीसांजेला चाळीस मीटरवरून माणूस दिसेल, चेहरा दिसणार नाही. लेखकाने साक्षीदार तरुण घेतला असता तर पुस्तक टिकलं असतं.

खुनी कोण ते मागच्या बाजूला लिहिलंय. रिंकूवहिनी, कागद उलटण्याआधी त्यांना नाव सांगू दे. आणि जरा सावकाश वाच. तू स्वल्पविरामाला थांबत नाहीस.

तुम्ही म्हणालात, "अख्खं पुस्तक वाचून दाखवायला सुनेला वेळ न्हाई. दुकान हाय, घर हाय. तू वाच अन् मला मत धाड." मी सहावीत होते तेव्हा बेल्ह्याच्या दुकानात तुम्ही मला पहिलं पुस्तक दिलंत. दादा आपल्या लेकीला विसरून धोतरजोडी बघत होते. तुम्ही अट घातलीत की परत आणताना मत आणायचं. गोष्ट सांगायला लागले की तुम्ही थांबवायचात, "गोष्ट मला म्हाईत हाय. तुला काय वाटलं ते बोल." त्या वयात मला दुसरं कोणी असं विचारत नव्हतं. आता तुमच्या डोळ्यांना अक्षर लागत नाही, म्हणून काम उलटं झालं. दर दोन-तीन आठवड्यांनी एक पुस्तक वाचून मत पाठवीन.

मी येत का नाही, असं तुम्ही विचारलंत. रविवारी दवाखान्याची डोळे तपासायची शिबिरं असतात. घोडेगावहून बेल्हे पंचावन्न किलोमीटर आहे आणि दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते.

काकींना नमस्कार.

समृद्धी

घोडेगाव, १३ जुलै २०२५

काका,

वहिनीने पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. खुनी तुम्ही बरोबर ओळखलात. मागून काकींचा आवाज येत होता, "चौमासा लागलाय. घरात खुनाचं वाचायचं न्हाई." त्यावर तुम्ही म्हणालात, "अगं, खून कोकणात झालाय." त्यावर काकी, "वाचलं तर हितंच व्हतोय ना!" काकींचं बरोबर आहे. या वेळी खून नाही.

एक कवितासंग्रह वाचला. मत देता येत नाही, फक्त निरीक्षण आहे. बेचाळीस कवितांपैकी सव्वीस कवितांत अंधार आहे. काळा अंधार, गर्द अंधार, डोळ्यांत उतरलेला अंधार. कवीने हा शब्द वापरला आहे, तपासलेला नाही. काचबिंदूने नजर गेलेल्या माणसाला काळं दिसत नाही. आपल्याला आपल्या पाठीमागे जसं काळंही दिसत नाही आणि पांढरंही दिसत नाही, तसं त्याचं चहूबाजूंनी व्हायला लागतं. तिथे काही नसतंच. म्हणून त्याला फार उशिरा कळतं.

हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नव्हती. पण खोडत नाही. खोडलं तर वहिनी विचारेल, खाली काय होतं.

दुसरं पुस्तक देवरायांवरचं आहे. ते चांगलं आहे. लेखक जंगलात हिंडणारा आहे आणि दोनशे पानांत त्याने अकरा वेळा लिहिलंय, "हे मला माहीत नाही." मी मोजलं. एखाद्या झाडाला अमुक नाव का, देवाला डावीकडून का जायचं, हे त्याला माहीत नाही आणि तो तसं सांगतो. त्यामुळे बाकीची पानं खरी वाटतात. गेल्या महिन्यात आमचं शिबिर आहुप्याला होतं, म्हणून ते वाचलं. तिथल्या अंबाबाई नावाच्या आजींना मी विचारलं की देवराईतून वाळलेलं लाकूडही आणत नाही का. त्या म्हणाल्या, "पान बी न्हाई उचलायचं. त्येचं त्येला ऱ्हाऊ दे. तू माझं डोळं बघायला आली का देवाचं?" त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. चिठ्ठी देऊन पाठवलं.

वहिनी, पुण्याचे डॉक्टर काकांची तपासणीची जुनी कार्डं मागतायत, असं तू रेकॉर्डिंगच्या शेवटी म्हणालीस. डोळ्यांतला दाब कधीपासून वाढला ते त्यांना बघायचंय. शोधते.

समृद्धी

घोडेगाव, ३ ऑगस्ट २०२५

काका,

ऐतिहासिक कादंबरी. सहाशे चाळीस पानं. मत: दोनशे चाळीस पुरली असती.

तलवारी तळपतात, डोळे धगधगतात, आणि सहाशे पानांत कोणी जेवत नाही. घाटात मुक्काम पडतो, पण पाणी कुठून आणलं ते नाही. एक पात्र मात्र जमलंय. नाणेघाटातून कापड लादलेली तट्टं घेऊन जाणारा व्यापारी. तो जकातीच्या माणसाशी बोलताना कापडाचा पोत बोटांनी तपासत राहतो. तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलताना करता तसं. लेखकाने त्याला नव्वदाव्या पानावर मारून टाकलं. त्यानंतर मी केवळ तुम्हाला शब्द दिला होता म्हणून वाचत राहिले.

गेल्या रविवारी आमचे दादा इथे येऊन गेले. पिंपरी पेंढारहून मेथी आणि वांगी घेऊन आले होते. त्यांना म्हटलं, छप्पन्न पूर्ण झाली, डोळे तपासायचे राहिलेत.

"कशाला? मला हितनं वढ्याकडंची म्हस दिसतीया."

"दिसणं वेगळं, दादा. आतला दाब वेगळा."

"सुगनशेठचं किती येळा तपासलं? तूच तपासलं न्हवं? काय झालं? जायाचं ते ग्येलंच. शेठ सोताच सांगत्यात दुकानात बसून, ज्येला त्येला. आमच्या समृद्धीनं दरसाल बघितलं, तिला काय घावलं न्हाई, मंग कुनाला घावनार? ह्ये वादळावानी येतंय म्हनत्यात. संयमला त्याची बायकू लई मागं लागली दवाखान्यात जा म्हनून, तर शेठ म्हनले, उगा कशाला पोराला भ्या घालता."

मी मेथी निवडत राहिले.

काका, तुम्ही असं सांगता आहात हे मला माहीत नव्हतं. संयमदादाने तपासून घ्यावं. तो तुमचा मुलगा आहे, त्रेचाळीस वर्षांचा आहे, आणि काचबिंदू घराण्यात उतरतो. तुमचे मारवाडातले थोरले भाऊ शेवटी भिंतीला हात लावून चालायचे, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत.

कार्डं अजून सापडली नाहीत.

समृद्धी

घोडेगाव, ३१ ऑगस्ट २०२५

काका,

गुरुवारी सकाळी तुमचा फोन आला. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी तो येणार हे मला माहीत होतं. तुम्ही दुकानात आलेल्या प्रत्येकाला, गिऱ्हाइकाला, टेम्पोवाल्याला, ज्याच्याशी वर्षात एकदाच बोललात त्यालाही हात जोडून म्हणता, तसं मलाही म्हणालात, "समृद्धी, जाणता-अजाणता तुझं मन दुखावलं आसंल तर मिच्छामि दुक्कडम्." मी जैन नाही, पण समोरच्यानेही हेच म्हणायचं असतं हे तुमच्या दुकानात शिकले आहे. म्हणजे दोघांनी क्षमा मागितली आणि दोघांनी केली. मी तेच शब्द म्हणाले. तुम्ही "बरं बेटा" म्हणून पुढचा नंबर लावायला सांगितलात. एकोणीस सेकंदांचा फोन होता.

या वेळचं पुस्तक एका सर्जनचं आत्मचरित्र आहे. चाळीस वर्षं, हजारो ऑपरेशनं, तीनशे बारा पानं. भाषा साफ आहे. बालपणाची प्रकरणं फार चांगली आहेत, विशेषतः नदीत बुडता बुडता वाचतो ते. पण तीनशे बारा पानांत त्यांच्या हातून एकही रुग्ण बिघडलेला नाही. जे दगावले ते उशिरा आणले होते, किंवा नातेवाइकांनी ऐकलं नाही, किंवा वीज गेली. एकदाही "हे माझ्यामुळे झालं" असं वाक्य नाही. मत: पुस्तक खोटं आहे असं मी म्हणत नाही. अपूर्ण आहे.

हे मत लिहिल्यावर मला पुढचा कागद लिहावा लागला.

वहिनी, तो कागद वेगळा घडी करून ठेवलाय. आधी एकटी वाच. मग काकांना वाचून दाखव, पूर्ण.

समृद्धी

(वेगळा कागद)

काका, कार्डं शोधते असं मी लिहिलं, मग सापडली नाहीत असं लिहिलं. ते खोटं आहे. कार्डं नाहीत. कधीच नव्हती.

आळेफाट्याच्या चष्म्याच्या दुकानात मी नोकरीला होते, तेव्हा तिथे एक नियम मीच घातला होता. चाळिशीच्या वरचा कोणीही आला, नुसता वाचायचा नंबर काढायला आला तरी, त्याचं कार्ड करायचं आणि डोळ्याचा दाब मोजायचा. मालक म्हणायचे, गिऱ्हाईक कंटाळतं. तरी मी नियम मोडला नाही.

तुमच्यासाठी मोडला. तुम्ही म्हणालात, "तू घरची. मी काय तुझ्याकडं रांगेत बसू व्हय?" मीच काचांची पेटी घेऊन बेल्ह्याला आले. अक्षरांचा तक्ता साड्यांच्या फळीला टांगला. तुमच्या मीटरच्या गजाने सहा मीटर मोजून तुम्हाला गादीवर बसवलं. काकींनी ताक दिलं. नंबर काढला, हसलो, जेवले आणि परत गेले. ही नोव्हेंबर २०२२ ची गोष्ट. दाब मोजायचं यंत्र आळेफाट्याला होतं. तुम्हाला तिथे न्यायला हवं होतं. वाटलं, घरच्या माणसाला कसलं कार्ड.

त्या दिवशी दाब किती होता ते कोणालाच सांगता येणार नाही. जास्त असेलच असं नाही. इथपर्यंत झाली ती चूक.

जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा आले, तसंच, दुकानात. तुम्ही वाचताना ओळीखाली बोट धरत होतात. एक ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधत होतात. उजवीकडचा पाण्याचा तांब्या तुम्ही दोनदा चाचपडलात आणि म्हणालात, "हिनं कुठं ठेवला?" तो जागेवरच होता. तुमच्या थोरल्या भावाचं मला ठाऊक होतं. त्या आजाराचं नाव मला त्या क्षणी कळलं होतं. मी म्हटलं, "नंबर बदललाय, काका."

का, ते लिहिते. तुम्हाला पुण्याला पाठवलं असतं तर तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला असता की याआधी कोणी तपासलं आणि दाब किती होता. मी तपासलं होतं, आणि आकडा नव्हता. चार ओळींची चिठ्ठी लिहायची होती. मी ती लिहिली नाही. मनाशी म्हटलं, मोतीबिंदू असेल, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ आलीच नाही. दहा महिन्यांनी तुम्ही दाराच्या चौकटीला धडकलात आणि संयमदादा तुम्हाला पुण्याला घेऊन गेला. त्यानंतर मी बेल्ह्याला आलेले नाही. शिबिरं दर रविवारी नसतात.

तेव्हा हे वादळासारखं आलेलं नाही. तुमचे डोळे दरसाल तपासलेले नव्हते. कृपा करून तसं कोणाला सांगू नका, आणि संयमदादाला थांबवू नका.

समृद्धी

घोडेगाव, १४ सप्टेंबर २०२५

रिंकूवहिनी,

हे पत्र फक्त तुला. काकांसाठी सोबत पाककृतींच्या पुस्तकावर एक पान आहे, ते मोठ्याने वाच. (त्या पुस्तकात एकशे दहा पदार्थ आहेत आणि एकशे दहा वेळा "मीठ चवीनुसार" आहे. काकींना विचार, ज्याची चव माहीत नाही त्याच्यासाठी किती घालायचं?)

तुझं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. तू म्हणालीस, "मी तो कागद वाचला. पप्पांना न्हाई वाचला. वाचणार पण न्हाई. समृद्धी, तुला हलकं व्हायचंय. तू हलकी होशील अन् हा माणूस जड होईल. त्यांचं आता काय ऱ्हायलंय सांग ना? दिवसभर गादीवर बसतात. माणसं येतात, आवाज ऐकतात. तुझं पत्र आलं की दोन दिवस त्यावरच बोलणं. मम्मींना म्हणतात, आमची समृद्धी काय मत देते बघ! ते पण काढून घेतेस? कार्ड नव्हतं तर नव्हतं. डोळे येणारेत का परत? संयमला मी नेते पुण्याला, अठ्ठावीस तारखेला, यांना न सांगता. झालं ना तुझं काम?"

तुझं म्हणणं मी तपासलं. हलकं होण्याबद्दलचं बरोबर आहे. मला ते हवं आहे, नाही असं म्हणत नाही. डोळे परत येणार नाहीत हेही बरोबर आहे.

पण एक गोष्ट तू मोजलेली नाहीस. संयमदादाला तू नेशील. माझ्या दादांना कोण नेणार? बाजाराच्या दिवशी तुमच्या दुकानात चाळीस-पन्नास माणसं येतात. काकांचा शब्द या भागात डॉक्टरांपेक्षा जास्त चालतो. ते रोज सांगतायत की तपासून काही होत नाही, आणि पुरावा म्हणून माझं नाव घेतायत. मी गप्प राहिले म्हणून त्यांची नजर गेली. अजून गप्प राहिले तर ज्यांची नावं मला माहीत नाहीत त्यांची जाईल. ते मला करायचं नाही.

तू वाचू नकोस. हे तुझं काम नव्हतंच, मी ते तुझ्यावर टाकलं. अठ्ठावीसला तुम्ही पुण्याला असाल तेव्हा मी येते आणि मीच वाचते. तो कागद आहे तिथेच ठेव. माझ्याकडे नक्कल आहे.

समृद्धी

घोडेगाव, ३० सप्टेंबर २०२५

वहिनी,

संयमदादाचे आकडे पाहिले. उजव्या डोळ्याचा दाब सत्तावीस, डाव्याचा पंचवीस; एकवीसच्या वर नको. नस अजून चांगली आहे. थेंब रोज, झोपताना, न चुकता. "आज जरा दमलोय" हे कारण चालणार नाही. तू समोर उभी राहा.

आता रविवारचं. तुम्ही घरी नव्हतात आणि काका तुला सांगणार नाहीत, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

मी सव्वाअकराला पोचले. काकी दारातच म्हणाल्या, "आली का गं बाई, किती महिन्यांनी! रस्ता सापडला?" काका आतून म्हणाले, "कोण? समृद्धी? पुस्तक आणलंस का?" ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. वाळले आहेत. दाढी कोणीतरी नीट केली होती.

मी म्हटलं, "पुस्तक नाही. पत्र आणलंय. मीच वाचते."

"तूच लिहायचं, तूच आणायचं, तूच वाचायचं. मंग टपालखात्यानं काय करावं?" ते हसत होते.

मी उभ्यानेच वाचलं. काकी बस म्हणाल्या, बसले नाही. सहा मिनिटं लागली. तांब्याच्या ओळीला ते "हां" म्हणाले, जणू त्यांना तो तांब्या आठवला.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "जानेवारीत सांगितलं असतंस तर?"

"उजवा तेव्हाच गेल्यात जमा होता. डावा राहिला असता. वाचता येण्याइतका."

"नक्की?"

"शंभरात सत्तर."

"सत्तर," ते म्हणाले.

काकी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आमी तुला घरची म्हणून धरली गं. पोटच्या पोरीत अन् तुझ्यात काय फरक केला?"

मी म्हटलं, "म्हणूनच कार्ड केलं नाही, काकी."

हे खरं आहे, पण बोलायला नको होतं. काकी आत निघून गेल्या आणि मी जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. आत त्या रडत होत्या की नाही ते मला कळलं नाही. भांड्यांचा आवाज येत होता.

मग काका म्हणाले, "मी फोन केला, संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी. तवा तुला ह्ये म्हाईत व्हतं?"

"हो."

"अन् तू मिच्छामि दुक्कडम् म्हणालीस."

"हो."

"मी त्या दिवशी शंभर जणांना म्हणतो. माझ्याकडून काय झालंय ते मला ठाऊक नसतं, म्हणून म्हणतो. तुला ठाऊक व्हतं. तू नुसते शब्द म्हणालीस अन् माझ्याकडून माफी घेऊन गेलीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. हिशेबाने बोलत होते. "डोळ्याचं येगळं. डोळे कुणाचेबी जातात. ह्ये तू का केलंस?"

भीती वाटत होती एवढंच म्हणाले. मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी माझी समजूत घातली असती.

ते उठले. चौकट शोधत होते. मी हात धरायला पुढे झाले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." दारापाशी थांबून म्हणाले, "पत्रं धाडू नको. सध्या."

ते "सध्या" मी दिवसभर तपासत होते. त्यातून काही निघत नाही. माणसं असं बोलतात.

तू म्हणाली होतीस तसंच झालं. ते जड झाले. मी हलकी मात्र झाले नाही. तो अंदाज तुझा आणि माझा, दोघींचा चुकला.

समृद्धी

घोडेगाव, २ नोव्हेंबर २०२५

काका,

हे पत्र वहिनी तुम्हाला वाचून दाखवणार नाही. तुम्ही नको म्हणालात आणि मी तिला तसंच सांगितलं आहे. ती ठेवून देईल. ज्या दिवशी तुम्ही मागाल, त्या दिवशी वाचेल. मागितलं नाहीत तर तसंच राहील.

दोन पुस्तकं वाचली. एक हिमालयातलं प्रवासवर्णन आहे. त्यात शिखरं कमी आणि हॉटेलातल्या गाद्यांची तक्रार जास्त, तरी एका प्रकरणात लेखक रस्ता चुकतो आणि एका धनगराच्या तंबूत रात्र काढतो, ती आठ पानं सोन्यासारखी आहेत. दुसरी भविष्यकाळातली कादंबरी. माणसं दुसऱ्या ग्रहावर शेती करतात. मातीचं विज्ञान लेखिकेने नीट अभ्यासलंय, पण तिची माणसं एकमेकांशी भांडत नाहीत, म्हणून ती शेतकरी वाटत नाहीत. मत आधी द्यायला विसरले. पहिलं अर्धं वाचावं, दुसरं वाचलं नाही तरी चालेल. तुमच्या आवाजात उलटं कोणी बोलत नसलं की मत घट्ट होत नाही, हे मला या महिन्यात कळलं.

मंगळवारी दवाखान्यात एका टेम्पोतून पाच माणसं आली. चौघे बेल्ह्याच्या बाजूचे आणि शेवटी आमचे दादा. दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही, टोपी मांडीवर घेऊन रांगेत बसले. पहिले होते ते सावळेराम म्हणून. साठीचे, हातात कासरा धरायची सवय असलेले. ते मला ओळखत नव्हते.

मी विचारलं, "काय त्रास होतोय?"

"तरास काय न्हाई. सुगनशेठनी धाडलं. कापडवाले, बेल्ह्याचे."

"काय म्हणाले ते?"

"बाजारादिवशी दुकानात जो येईल त्येला सांगत्यात. म्हनत्यात, माझं डोळं कुनी तपासलंच नव्हतं, नुसता चष्म्याचा नंबर काढला. तुमी तसं करू नका. दाब मोजून घ्या, कागद हातात घ्या, मंगच घरी जा. आता येवढा मानूस सांगतोय म्हनल्यावर..." ते खुर्चीत सरकून बसले. "दुखतंय का ह्ये?"

"नाही. हनुवटी इथे ठेवा. कुणाकडे जा म्हणाले?"

"घोडेगावात एक बाई हाय म्हनले. लई बारीक तपासती. तिच्याकडंच जा."

"नाव सांगितलं?"

"न्हाई. बाई म्हनले."

मी पाचही जणांचा दाब मोजला, पाच कार्डं केली. दादांचं पण. नात्याला कार्डावर जागा नाही, म्हणून लिहिलं नाही. दादांचा दाब पंधरा आहे. सावळेरामांचा एकतीस निघाला. त्यांना काही म्हणजे काही त्रास नव्हता. त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं, चिठ्ठी लिहिली, आणि त्यांच्या मुलाला फोन करून दुसऱ्या दिवशीची पुण्याची वेळ घेतली.

निघताना सावळेराम दारात थांबले. चिठ्ठी खिशात नीट गेली की नाही ते चाचपून म्हणाले, "शेठ विचारतील. काय सांगू त्यास्नी?"

दादा मागे उभे होते. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सांगा, बाईंनी तपासलं."

समृद्धी